विश्लेषण : २०२२ मध्ये पेट्रोल १२० रुपयांवर, मग सीएनजी, इथेनॉल की वीज? खरेच स्वस्त काय?

२०२२ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला मुंबईत पेट्रोल १२०.५१ रुपये प्रतिलिटर होते, डिझेल १०४.७७ रुपये. ६ एप्रिलपासून हे दर स्थिर असले तरी ते खाली येतील अशी चिन्हे नव्हती. त्यातच सीएनजी एका महिन्यात तिसऱ्यांदा महागला होता आणि ३० एप्रिलपासून मुंबईत त्याचा दर किलोमागे ७६ रुपये झाला होता. पेट्रोल परवडत नाही म्हणून गाडीला सीएनजी किट बसवून घेतलेल्यांना ही दुसरी चपराक होती. दुसरीकडे विजेच्या स्कूटर पेटल्याच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरत होत्या आणि इथेनॉल हेच उद्याचे इंधन असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी जवळपास प्रत्येक कार्यक्रमात सांगत होते. पेट्रोलला पर्याय अनेक दिसतात. पण यातला कोणता पर्याय मुळातच स्वस्त आहे आणि कोणता केवळ त्यावर कर कमी आहे म्हणून स्वस्त वाटतो, हे तपासल्याशिवाय ही चर्चा पुढे सरकत नाही.

दरवाढ नेमकी कशी झाली?

४ नोव्हेंबर २०२१ रोजी केंद्राने पेट्रोलवरील उत्पादन शुल्क ५ रुपयांनी आणि डिझेलवरील १० रुपयांनी कमी केले. त्यानंतर १३७ दिवस तेल कंपन्यांनी दराला हात लावला नाही. याच काळात उत्तर प्रदेशसह पाच राज्यांत निवडणुका झाल्या. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर ७ मार्चला ब्रेंट तेलाने पिंपामागे १३९ डॉलरपर्यंत मजल मारली, तरीही पंपावरचा आकडा हलला नाही. पेट्रोलचे दर २०१० पासून सरकारी नियंत्रणातून मुक्त आहेत आणि २०१७ पासून ते रोज बदलू शकतात, हे कागदावरचे धोरण. निवडणुकांच्या तोंडावर दर गोठण्याचा योगायोग मात्र इतक्या वेळा घडला आहे की आता त्याला योगायोग म्हणणेही अवघड आहे.

१० मार्चला निकाल लागले आणि २२ मार्चपासून रोज ८० पैशांच्या आसपास वाढ सुरू झाली. १६ दिवसांत १४ वेळा दर वाढले. दिल्लीत पेट्रोल ९५.४१ वरून १०५.४१ रुपयांवर गेले, म्हणजे बरोबर १० रुपये. मुंबईत ते १०९.९८ वरून १२०.५१ झाले, म्हणजे १० रुपये ५३ पैसे. कंपन्यांनी वाढवलेली मूळ किंमत दोन्हीकडे जवळपास सारखीच. मग वरचे ५३ पैसे आले कुठून? याचे उत्तर कराच्या रचनेत आहे.

१२० रुपयांत काय काय होते?

दिल्लीचे एप्रिल २०२२ मधील गणित तेल कंपन्यांनी जाहीर केले होते. पेट्रोलची मूळ किंमत ५६.३२ रुपये, वाहतूक २० पैसे, केंद्राचे उत्पादन शुल्क २७.९० रुपये, पंपचालकाचे कमिशन ३.८६ रुपये आणि राज्याचा मूल्यवर्धित कर म्हणजे व्हॅट १७.१३ रुपये. एकूण १०५.४१.

मुंबईत मूळ किंमत, केंद्राचे शुल्क आणि कमिशन हा भाग दिल्लीच्या जवळपासच राहतो. फरक पडतो तो व्हॅटमुळे. मुंबई, ठाणे, नवी मुंबई परिसरात तेव्हा पेट्रोलवर २६ टक्के व्हॅट आणि त्याशिवाय लिटरमागे १०.१२ रुपये असा ठोक कर होता. उर्वरित महाराष्ट्रात टक्केवारी २५ होती, ठोक कर तेवढाच. म्हणजे मुंबईत राज्याच्या तिजोरीत लिटरमागे साडेबत्तीस रुपयांच्या आसपास जात होते. यातला टक्केवारीचा भाग मूळ किमतीबरोबर आपोआप फुगतो. कंपन्यांनी किंमत साधारण ८ रुपये ३७ पैशांनी वाढवली. त्यावर दिल्लीत १९.४ टक्के व्हॅट लागून ती १० रुपये झाली, मुंबईत २६ टक्के लागून १० रुपये ५३ पैसे. राज्य सरकारने कोणताही निर्णय न घेता त्याला लिटरमागे दोन रुपयांहून अधिक जादा मिळू लागले.

२७ एप्रिलला करोनाविषयक बैठकीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी महाराष्ट्रासह काही राज्यांनी नोव्हेंबरनंतर व्हॅट कमी केला नसल्याचे बोलून दाखवले, ते या पार्श्वभूमीवर. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याच दिवशी उत्तर दिले. मुंबईत पेट्रोलच्या लिटरमागे केंद्राचा कर ३१.५८ रुपये आणि राज्याचा ३२.५५ रुपये आहे, शिवाय वस्तू व सेवा कराच्या भरपाईपोटी केंद्राकडे २६ हजार ५०० कोटी रुपये थकले आहेत, असे त्यांचे म्हणणे. (केंद्राच्या हिश्श्याचा हा आकडा नोव्हेंबरच्या कपातीनंतरच्या २७.९० रुपयांशी जुळत नाही. राज्याच्या हिश्श्याचा जुळतो.)

महाराष्ट्राने तोवर व्हॅट कमी केला नव्हता, ही वस्तुस्थिती आहे. शेजारच्या गोव्याने नोव्हेंबरमध्ये केंद्रापाठोपाठ ७ रुपयांची कपात केली होती. पण केंद्राच्या तेव्हाच्या २७.९० रुपयांची फोड केली की राज्यांची तक्रारही समजते. त्यात मूळ उत्पादन शुल्क फक्त १.४० रुपये होते. बाकी ११ रुपये विशेष अतिरिक्त शुल्क, १३ रुपये रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आणि अडीच रुपये कृषी उपकर. वित्त आयोगाच्या सूत्रानुसार राज्यांशी ४१ टक्के वाटणी होत होती ती फक्त त्या १ रुपया ४० पैशांची. म्हणजे देशातल्या सर्व राज्यांना मिळून लिटरमागे ५७ पैसे. २०२०-२१ मध्ये पेट्रोल-डिझेलवरील उत्पादन शुल्कातून केंद्राला सुमारे ३ लाख ७२ हजार कोटी रुपये मिळाले आणि राज्यांच्या वाट्याला त्यातले १९ हजार ९७२ कोटी आले, असे केंद्रानेच संसदेत सांगितले आहे. २०१४ मध्ये पेट्रोलवरील केंद्राचे शुल्क ९.४८ रुपये होते, हेही लक्षात ठेवायला हवे.

थोडक्यात, मुंबईकर पेट्रोलसाठी १२० रुपये मोजत होता तेव्हा निम्म्याच रकमेचे इंधन टाकीत जात होते. करांशिवाय, पण कमिशन धरून, ते साधारण ६० रुपयांना पडले असते. पर्यायांची तुलना या ६० रुपयांशी करायची की १२० रुपयांशी, यावर निष्कर्ष बदलतो. वाहनधारकासाठी १२० हा खरा आकडा, देशासाठी ६०.

सीएनजीची स्वस्ताई कुठे गेली?

राज्य सरकारने १ एप्रिलपासून सीएनजीवरील व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. त्यासाठी वर्षाला सुमारे ८०० कोटींचा महसूल सोडला. मुंबईत सीएनजी ६६ वरून ६० रुपयांवर आला. हा आनंद पाच दिवस टिकला. ६ एप्रिलला तो ६७ झाला, १३ एप्रिलला ७२ आणि ३० एप्रिलला ७६. करकपातीचे सहा रुपये तर गेलेच, वर दहा रुपये चढले.

कारण असे की केंद्राने १ एप्रिलपासून देशांतर्गत जुन्या क्षेत्रांतील वायूचा दर प्रति दशलक्ष ब्रिटिश थर्मल युनिट २.९० डॉलरवरून ६.१० डॉलर केला. दुपटीहून अधिक. हा दर तेव्हा परदेशी बाजारांतील दरांच्या सरासरीवरून सहामाही ठरत असे. त्यात शहरी वायू कंपन्यांना मिळणारा देशांतर्गत वायू मागणीच्या वेगाने वाढलेला नव्हता. उरलेली गरज आयात द्रवरूप वायूने भागवावी लागत होती आणि युरोपने रशियाऐवजी इतर देशांच्या वायूकडे मोर्चा वळवल्यापासून त्या वायूचा तात्काळ खरेदीचा दर ३० डॉलरवर गेला होता. देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा आयात होतो. म्हणजे तेलाच्या आयातीतून सुटण्यासाठी ज्या इंधनाकडे वळायचे, त्याची दोरीही त्याच युद्धाला बांधलेली.

आता हिशेब. पेट्रोलवर लिटरमागे २० किलोमीटर धावणारी कार सीएनजीवर किलोमागे साधारण २६ किलोमीटर धावते. तेव्हाच्या दराने १०० किलोमीटरला पेट्रोलचा खर्च सुमारे ६०२ रुपये, सीएनजीचा २९२ रुपये. बचत ३१० रुपये. कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेली कार तेव्हा पेट्रोल कारपेक्षा ९० ते ९५ हजारांनी महाग होती. ती रक्कम भरून निघायला ३० हजार किलोमीटर धावावे लागे. रोज ४० किलोमीटर प्रवास असेल तर दोन वर्षे.

२०२१ च्या जुलैच्या मध्यावर मुंबईत पेट्रोल १०७ रुपयांच्या घरात होते आणि सीएनजी ५२ रुपयांच्या आत. तेव्हा हीच बचत १०० किलोमीटरला ३३५ रुपये होती. पेट्रोल १३ रुपयांनी महाग होऊनही सीएनजीचा फायदा घटला होता.

करांचा मुखवटा काढला तर चित्र आणखी बदलते. सीएनजीवर केंद्राचे १४ टक्के उत्पादन शुल्क आणि राज्याचा ३ टक्के व्हॅट होता. ते वगळून किलोचा दर सुमारे ६५ रुपये येत होता. म्हणजे करांशिवाय १०० किलोमीटरला सीएनजी २५० रुपये, पेट्रोल ३०० रुपये. ग्राहकाला दिसणाऱ्या ३१० रुपयांच्या बचतीपैकी वायूची स्वतःची करामत ५० रुपयांची. बाकी २६० रुपये सरकारने कमी कर लावल्यामुळे वाचत होते. आकडे ढोबळ आहेत, गाडीगणिक थोडे बदलतील, पण प्रमाण बदलणार नाही. मुंबईत रिक्षाचे किमान भाडे तेव्हाही २१ रुपये आणि टॅक्सीचे २५ रुपये होते. ते मार्च २०२१ मध्ये ठरले होते, त्या वेळी सीएनजी ५० रुपयांच्या आसपास होता. चालक संघटना भाडेवाढ मागत होत्या यात नवल नव्हते.

इथेनॉलने पेट्रोल स्वस्त होईल का?

महाराष्ट्रासाठी हा प्रश्न सर्वांत जवळचा. देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २०२०-२१ च्या पुरवठा वर्षात सुमारे ८ टक्के होते. २०२२ च्या नोव्हेंबरपर्यंत ते १० टक्क्यांवर नेण्याचे आणि पुढे २०२५ पर्यंत २० टक्के करण्याचे लक्ष्य होते. ५ जून २०२१ रोजी पंतप्रधानांनी पुण्यात तीन ठिकाणी शंभर टक्के इथेनॉल देणाऱ्या पंपांचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला तेव्हा या विषयाची चर्चा घराघरांत पोहोचली. त्या इंधनावर चालणारी वाहने मात्र रस्त्यावर जवळपास नव्हतीच.

दराकडे पाहू. २०२१-२२ च्या पुरवठा वर्षासाठी केंद्राने ठरवलेले इथेनॉलचे खरेदी दर असे होते : साखर काढून झाल्यावर उरणाऱ्या शेवटच्या मळीपासूनचे, म्हणजे ‘सी हेवी’, ४६.६६ रुपये लिटर. थोडी साखर मळीत राखून केलेले ‘बी हेवी’ ५९.०८ रुपये, थेट उसाच्या रसापासूनचे ६३.४५ रुपये. दिल्लीत पेट्रोलची मूळ किंमत तेव्हा ५६.३२ रुपये होती. म्हणजे फक्त सी हेवी इथेनॉल पेट्रोलपेक्षा लिटरमागे स्वस्त होते.

पण लिटरची लिटरशी तुलना हीच मुळात फसवी. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, म्हणजे ते थोडे आधीच ‘जळलेले’ असते. एका लिटर पेट्रोलमधून सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, इथेनॉलमधून २१. एक तृतीयांश कमी. एका लिटर पेट्रोलचे काम करायला दीड लिटर इथेनॉल लागते. तेवढ्या ऊर्जेचा हिशेब केला तर सी हेवी इथेनॉल ७० रुपयांना, बी हेवी ८९ रुपयांना आणि रसाचे ९५ रुपयांना पडत होते, आणि तेही वाहतूक व कर न धरता. इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा जास्त आहे, त्यामुळे खास त्यासाठी बनवलेल्या, जास्त दाब देणाऱ्या इंजिनात यातली काही तूट भरून निघते. तेव्हा रस्त्यावर असलेल्या दुचाकीत ती भरून निघत नव्हती.

निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच हे नमूद आहे. शून्य टक्क्यासाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीत २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल वापरले तर इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, दुचाकीत ३ ते ४ टक्क्यांनी, असा त्यातला अंदाज आहे. लिटरला १२० रुपये असताना ६ टक्के म्हणजे सात रुपयांहून अधिक. मिश्रण वाढेल तसे पेट्रोल तितके स्वस्त मिळाले नाही, तर ही न दिसणारी दरवाढच ठरेल. २०२२ मध्ये दहा टक्क्यांच्या जवळ पोहोचूनही पंपावर इथेनॉलसाठी वेगळी सवलत दिसत नव्हती.

मग हा खटाटोप कशासाठी? परकीय चलनासाठी. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्के तेव्हा आयात होत होते. २० टक्के मिश्रणाने वर्षाला ४ अब्ज डॉलर वाचतील, असा निती आयोगाचा अंदाज आहे. दुसरे कारण साखर कारखान्यांच्या ताळेबंदात आहे. साखर विकून पैसे हाती यायला वर्ष-दीड वर्ष लागते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या तीन आठवड्यांच्या आसपास देतात. रास्त आणि किफायतशीर दराची बिले वेळेत चुकती करायला कारखान्याला याहून मोठा आधार नाही. त्यामुळे इथेनॉलचा दर हा इंधनाचा दर कमी आणि उसाला दिलेला आधार जास्त आहे. तो द्यावा की नाही यावर वाद होऊ शकतो. मात्र त्याचे वर्णन ‘स्वस्त इंधन’ असे करणे चुकीचे.

आणि मग पाणी. निती आयोगाच्या त्याच आराखड्यात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलसाठी सुमारे २ हजार ८६० लिटर पाणी लागते, असे म्हटले आहे. ब्राझीलमध्ये ऊस मुख्यतः पावसावर येतो. मराठवाड्यात तो विहिरी, कूपनलिका आणि धरणांवर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. २०२२ पूर्वीची दोन-तीन वर्षे पाऊस चांगला झाला आणि त्याच भागात २०२२ मध्ये ऊस इतका झाला की एप्रिल संपला तरी तो फडात उभा होता. त्या हंगामात महाराष्ट्राने साखर उत्पादनात उत्तर प्रदेशला मागे टाकले. १ मेनंतर गाळप होणाऱ्या उसासाठी टनाला २०० रुपये अनुदान आणि ५० किलोमीटरपलीकडच्या वाहतुकीसाठी टनामागे प्रतिकिलोमीटर ५ रुपये देण्याची वेळ राज्य सरकारवर आली होती. इथेनॉलचे कारखाने वाढले तर हा जादा ऊस जिरेल, हे खरे होते. इथेनॉलच्या हमीमुळे पुढच्या वर्षी लागण आणखी वाढेल, हेही तितकेच खरे होते. पाऊस हुकला की पेट्रोलमधले इथेनॉलही हुकणार.

विजेची स्कूटर कितपत परवडते?

इथे मात्र गणित वेगळे आहे. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल स्कूटरला १०० किलोमीटरसाठी तेव्हा २६८ रुपये लागत होते. विजेची स्कूटर तेवढ्याच अंतराला चार्जिंगमधली गळती धरून साडेतीन युनिट घेते. घरगुती युनिट १० रुपये धरले तर ३५ रुपये. आता पेट्रोलवरचा सगळा कर काढून टाका : स्कूटरचा खर्च १३३ रुपये होतो. तरीही वीज चौपटीने स्वस्त पडते. विजेवर राज्याचे १६ टक्के विद्युत शुल्क असते, ते धरूनही. कारण साधे आहे. पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग चाकापर्यंत पोहोचवते, बाकी उष्णता होऊन उडून जाते. विजेची मोटर ८० टक्क्यांहून अधिक पोहोचवते. कराच्या सवलतीवर न तरणारा, स्वतःच्या जोरावर स्वस्त असलेला हा एकच पर्याय.

‘पण वीज कोळशाचीच ना?’ हा नेहमीचा आक्षेप. तेव्हा देशातली सुमारे ७० टक्के वीज कोळशाची होती आणि एका युनिटमागे सरासरी ८०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता. साडेतीन युनिटचे २.८ किलो झाले. पेट्रोल स्कूटर तेवढ्या अंतरात पाच किलो सोडते. म्हणजे कोळशाची वीज वापरूनही निम्म्याच्या आसपास. बॅटरी बनवतानाचे उत्सर्जन यात धरलेले नाही, पण ते एकदाच होते.

अडचणी दुसऱ्याच आहेत. २६ मार्चला पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली. त्याच दिवशी तमिळनाडूत वेल्लोरला घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या आगीत बाप-लेकीचा मृत्यू झाला. एप्रिलमध्ये तेलंगणात निजामाबादला आणि आंध्रात विजयवाड्याला बॅटरीच्या स्फोटांत बळी गेले. २१ एप्रिलला गडकरी यांनी निष्काळजीपणा आढळल्यास दंड आणि वाहने परत मागवण्याचे आदेश देण्याचा इशारा दिला; तीन कंपन्यांनी मिळून साडेसहा हजारांहून अधिक स्कूटर परत बोलावल्या. लिथियमच्या एका सेलमध्ये बिघाड होऊन तो तापला की शेजारचा सेल तापतो आणि साखळी सुरू होते. ती रोखण्यासाठी सेलची गुणवत्ता, त्यांची मांडणी आणि तापमानावर नजर ठेवणारी यंत्रणा तिन्ही नेमकी लागतात. आयात सेल आणून घाईने जुळवणाऱ्या उत्पादकांकडून ही कसोटी काटेकोर पाळली जाते का, हे तपासण्याची व्यवस्था विक्रीच्या मागे पडली. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, हा बचाव ज्याच्या जिन्याखाली स्कूटर रात्रभर चार्ज होते त्याच्या कामाचा नाही.

दुसरी अडचण त्याच जिन्याची. चाळीत, झोपडपट्टीत किंवा जुन्या सोसायटीत राहणाऱ्याने प्लग कुठे लावायचा? २१ एप्रिललाच निती आयोगाने बॅटरी अदलाबदलीच्या धोरणाचा मसुदा जाहीर केला आणि ५ जूनपर्यंत त्यावर सूचना मागवल्या होत्या. पंपावर रिकामी बॅटरी देऊन भरलेली घ्यायची, अशी कल्पना. ती चालली तर घरोघर पार्सल पोहोचवणाऱ्या, दिवसाला शंभर किलोमीटर फिरणाऱ्या तरुणांना सर्वाधिक फायदा होईल, कारण पेट्रोलचा सर्वाधिक मार त्यांच्याच खिशावर आहे.

आणि तिसरी, वीज होती कुठे? एप्रिलमध्ये उष्णतेची लाट आणि कोळशाची टंचाई एकदम आली. महावितरणला राज्यात भारनियमन करावे लागले. २९ एप्रिलला देशातील विजेच्या मागणीने २०७ गिगावॉटचा उच्चांक गाठला आणि कोळशाच्या मालगाड्यांना वाट मोकळी करून देण्यासाठी रेल्वेने प्रवासी गाड्या रद्द केल्या. विजेच्या वाहनांचा यात दोष नव्हता, त्यांची मागणी तेव्हा नगण्य होती. २०२१-२२ मध्ये देशात सुमारे १ कोटी ३४ लाख दुचाकी विकल्या गेल्या, त्यातल्या विजेवरच्या २ लाख ३१ हजार. पावणेदोन टक्के. मात्र जिथे रात्री दोन-दोन तास दिवे जातात तिथल्या माणसाला ‘रात्री चार्जिंगला लावा’ असे सांगणे सोपे नाही.

हायड्रोजनचा उल्लेख करायचा तर गडकरी ३० मार्चला हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीतून संसदेत गेले. ती बातमी झाली. सामान्य वाहनधारकाच्या या दशकातल्या खर्चाशी तिचा संबंध नाही.

डिझेलचे काय?

पर्यायांची सारी चर्चा पेट्रोलभोवती फिरते, कारण पेट्रोल भरणारा वर्ग बोलका आहे. २०२१-२२ मध्ये देशाने सुमारे ३.१ कोटी टन पेट्रोल वापरले आणि ७.७ कोटी टन डिझेल. ट्रक, एसटी, ट्रॅक्टर, मच्छीमारांच्या बोटी हे सगळे तेव्हा मुख्यतः डिझेलवर चालत. इथेनॉल डिझेलमध्ये सहज मिसळत नाही, लांब पल्ल्याचे विजेचे ट्रक तेव्हा बाजारात नव्हते, महामार्गांवर वायू भरण्याची केंद्रे तुरळक होती. मार्चमध्ये घाऊक डिझेल एकदम २५ रुपयांनी वाढवले गेले. मुंबईत ते १२२.०५ रुपये झाले तेव्हा किरकोळ पंपावर ९४.१४ होते. साहजिकच बस चालवणाऱ्या परिवहन संस्थांनी पंपांचा रस्ता धरला. कांदा-टोमॅटोच्या दरात शिरते ते हे डिझेल, आणि त्याला तेव्हा तरी कर कमी करण्याशिवाय दुसरा तातडीचा उपाय नव्हता.

तिजोरीतला खड्डा कोण भरणार?

वर्षाला ८ हजार किलोमीटर फिरणारा स्कूटरस्वार मुंबईत साधारण १७८ लिटर पेट्रोल घेत होता आणि २०२२ च्या त्या दराने केंद्र व राज्याला मिळून पावणेअकरा हजार रुपये कर देत होता. त्याने विजेची स्कूटर घेतली की हे उत्पन्न थांबते. शिवाय केंद्राच्या ‘फेम-२’ योजनेतून बॅटरीच्या प्रत्येक किलोवॉट-तासामागे १५ हजार रुपये, म्हणजे तीन किलोवॉट-तासांच्या बॅटरीला ४५ हजारांपर्यंत अनुदान मिळत होते. खरेदीवर जीएसटी ५ टक्के. राज्याच्या २०२१ च्या धोरणात अशा वाहनांना रस्ते करही माफ होता, आणि २०२५ पर्यंत नव्या नोंदणीत त्यांचा वाटा १० टक्क्यांवर न्यायचा होता.

पावणेदोन टक्क्यांवर हे औदार्य परवडत होते. १० टक्क्यांवर हिशेब टोचू लागेल. रस्ते बांधायचा १३ रुपयांचा उपकर तेव्हा पेट्रोलच्या लिटरवर बसवलेला होता. रस्ता मात्र विजेची गाडीही वापरणार. मग कर विजेच्या युनिटवर येईल, किलोमीटरवर येईल, की पेट्रोल-डिझेलवरच राहिलेल्यांवर आणखी चढेल? शेवटचा मार्ग सरकारांना सर्वांत सोपा, आणि त्यात भरडला जाईल तो नवी गाडी घेऊ न शकणारा. २०२२ चा मे महिना सुरू होताना मंत्रालयात आणि दिल्लीत व्हॅट कोणी आधी कमी करायचा यावर पत्रके निघत होती. या प्रश्नावर तोवर एकही नव्हते. १ ऑक्टोबर २०२२ पासून मात्र एक नवा कर तेव्हा ठरलेला होता : अर्थसंकल्पातील घोषणेनुसार मिश्रण न केलेल्या इंधनावर लिटरमागे २ रुपये जादा उत्पादन शुल्क लागणार होते.